उन्नतीचा दिवेलागणीचा खोकला

ही गोष्ट खरी आहे.

हे वाक्य इथे प्रत्येकजण लिहितो आणि मग पांढऱ्या साडीतली बाई येते. आधीच सांगते, या पेजवरच्या गोष्टी वाचून मला हसू येतं. तरी लिहितेय, कारण घरात बोलायची सोय उरलेली नाही.

जागा वसईतलं उमेळं, आमचीच बिल्डिंग. वेळ गेल्या डिसेंबरातली दिवेलागण. अमावास्या वगैरे काही नाही. खाली पोरं क्रिकेट खेळत होती.

मी हेमांगी. माझे सासरे दिवाकर, त्यांची इथे केळीची वाडी होती. वाडी बिल्डरला दिली, तिच्यावर ही बिल्डिंग उभी राहिली आणि बदल्यात आम्हाला चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. सासऱ्यांचे थोरले भाऊ जयवंत शेवटपर्यंत सही करत नव्हते. ते वारले, मग बाकीच्यांच्या सह्या झाल्या. यात भुताटकीचं काही नाही. आजूबाजूला सगळीकडे हेच चाललंय.

डिसेंबरात माझ्या उन्नतीला खोकला लागला. दुसरीतली पोर. दिवसभर ठणठणीत, रात्री गाढ झोप. फक्त सूर्य बुडाला की...

खॉक. खॉक.

डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकायची. पूर्ण काळोख पडला की बंद.

डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी हवा गारठते, श्वासनलिका आखडते, त्यात बांधकामाची धूळ. मला पटलं. पडदे धुतले, मऊ खेळणी माळ्यावर टाकली, नेब्युलायझर आणला.

काडीचा फरक नाही.

मग सल्ले देणारे सुटले. सोसायटीच्या ग्रुपवर एकीनं कांद्याचा रस चोळायला सांगितला. कुठे? तळपायाला! दुसरीनं घरी येऊन मीठ-मिरच्या ओवाळून जाळल्या, त्या धुरानं पोर आणखी खोकली. नुसता मूर्खांचा बाजार.

इकडे पोरीच्या घशाखाली घास उतरेना. हाडं दिसायला लागली. मला धडकी भरली होती, आणि मी घाबरले की मला राग येतो.

एका संध्याकाळी मी तिच्या छातीला तेल चोळत बसले होते. टीव्ही बंद होता. तेव्हा ऐकू आलं...

दाराबाहेर कोणीतरी खाकरलं. जड, पुरुषी आवाज.

मग उन्नती खोकली.

पुन्हा बाहेर... पुन्हा उन्नती.

मी दार उघडलं. पॅसेज रिकामा.

मागे वळले तर सासरे सोफ्यावर पांढरेफटक पडलेले.

"जयवंतदादाच तो," ते म्हणाले. "वाडीतल्या विहिरीवर बायका अंघोळीला असायच्या. म्हणून दिवेलागणीला पुरुषानं फाटकाशी खाकरायचं. आतली बाई उलट खाकरली की मगच आत शिरायचं. दादानं ही रीत कधी मोडली नाही."

"मग ही का खोकते?"

"पोर उत्तर देते. पण पोराच्या उत्तरावर तो आत यायचा नाही. घरच्या बाईचं लागतं. तुझी सासू गेली, आता घरची बाई तू. तू तेवढी खाकरू नकोस, पोरी."

माझा नवरा कौस्तुभ, इंजिनीयर माणूस, तोही मान खाली घालून म्हणतो, "हेमा, ऐक ना त्यांचं."

माझं डोकंच फिरलं. "वा! वाडी विकताना लाज वाटली नाही, आणि आता रीत आठवते?"

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बाहेर खाकरणं सुरू झालं. मी तरातरा जाऊन दार सताड उघडलं.

"बघा! आहे का कोणी?"

आणि रिकाम्या पॅसेजकडे तोंड करून, मुद्दाम, मोठ्यानं खाकरले.

काही झालं नाही.

फक्त... आमच्या पायपुसण्यावर ओला चिखल होता. डिसेंबरात. चौथ्या मजल्यावर.

कुणा पोराचे बूट असतील, असं मी म्हटलं.

त्या संध्याकाळपासून उन्नती एकदाही खोकली नाही. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. ग्रुपवरच्या कांदेवालीनं श्रेय घेतलं. कौस्तुभनं पेढे आणले. पोर पोटभर जेवते, अंगानं भरतेय. आईला आणखी काय हवं?

सासरे मात्र दिवेलागणीला सोफ्यावर एका कडेला सरकून बसतात. शेजारी जागा ठेवून.

मी विचारत नाही.

बाहेरही आता कोणी खाकरत नाही. का खाकरेल? घरात आलेला माणूस कशाला खाकरेल?

रोज सूर्य बुडाला की मी उन्नतीजवळ जाऊन बसते आणि कान देऊन ऐकते. माझ्याच पोरीनं पुन्हा एकदा खोकावं, याची वाट बघते.

म्हणजे तो अजून दाराबाहेर आहे, एवढं तरी कळेल.