आधी पापण्या मिटतात

"चेटकीण आधी डोळे शिवते," ती मुलगी म्हणाली, "मग जीभ. मग छाती. आमच्या गावात सगळे हेच म्हणताहेत."

शेनीच्या हातातला घास हातातच राहिला. पोलिसात अठ्ठावीस वर्षं हवालदारी केलेला हा धिप्पाड गडी चेटकिणीचं नाव निघालं की आधी पाय वर घेऊन बसे. तामालेच्या बाजारात, टायरच्या दुकानावरच्या खोलीत, त्याच्या थोरल्या भावाची विधवा सुहुयिनी खासगी चौकशीची कामं घेई आणि तो तिच्या मदतीला असे. तिनं पंधरा वर्षं एका प्रयोगशाळेत बाटल्या धुतल्या होत्या. बाटल्या धुताना कान उघडे ठेवले की माणूस बरंच शिकतो, असं ती म्हणे.

मुलीनं नाकाला रुमाल लावला होता. शेनीच्या डब्यात दावादावा घातलेला भात होता. रानातल्या शेंगांच्या बिया उकडून, आंबवून केलेला तो लगदा. रश्शात पडला की स्वर्ग, नुसता ठेवला की शेजारी भांडायला येतात. सुहुयिनीनं रुमालाकडे पाहिलं. मुलीनं तो ओशाळून खाली घेतला.

"सवय मोडली, मावशी. मी वुंपिनी. कुमासीला विम्याच्या कचेरीत आहे, हॉस्टेलवर राहते. खोलीतल्या मुली फार नाकं मुरडतात. आईनं काही दिलं तर सात गाठी मारून न्यावं लागतं."

"बरं. काय झालं ते सांग."

शनिवारी तिच्या भाच्याचं बारसं झालं. सत्तर माणूस जेवलं. रविवारी संध्याकाळी ढोलवाला म्बांग्बा म्हणाला, एका ढोलाचे दोन ढोल दिसताहेत. मग त्याच्या पापण्या मिटल्या, त्या बोटांनी उचलाव्या लागल्या. आवाज गेला. मंगळवारी पहाटे श्वास थांबला.

"ताप?"

"नाही. शेवटपर्यंत शुद्धीवर होता. ऐकू येत होतं त्याला." वुंपिनीनं रुमालाची घडी घातली. "आता माझी धाकटी वहिनी झालिया आणि चुलतभाऊ काटारी दोघं जिल्ह्याच्या दवाखान्यात आहेत. डॉक्टर म्हणतात साप असेल, पण चाव्याची खूण नाही. बाळ चार दिवस आईविना रडतंय. आणि त्या तिघांना आईनंच स्वतःच्या हातानं वाढलं होतं."

"आणि म्हणून ती चेटकीण."

"आज दुपारच्या नमाजानंतर गावप्रमुखासमोर कोंबडी कापणार आहेत. उताणी पडली तर आई निर्दोष. पालथी पडली तर चेटकिणींच्या वस्तीत. तिथून कोणी परत येत नाही, मावशी."

सुहुयिनी उठली. "भावोजी, डबा झाका. रिक्षा बोलवा."

वुंपिनीच्या गावी, गुशेयिलीत, ते पोचले तेव्हा उन्हं डोक्यावर होती. वस्तीत एकही बाई धान्य कांडत नव्हती. दारं लोटलेली होती आणि प्रत्येक दाराआडून कोणीतरी बघत होतं. शेनी सुहुयिनीच्या मागे मागे चालू लागला.

वुंपिनीच्या घरी थोरल्या सुनेनं, मेमुनानं, रीतीप्रमाणे आल्या आल्या ताटं मांडली: मक्याचा उंडा आणि गोरखचिंचेच्या पाल्याचा रस्सा. सुहुयिनीचा गुरुवारचा रोजा होता. शेनीचा कोणताच वार रोजाचा नव्हता. भीती वाटली की त्याला भूक जास्तच लागे. दोन वाट्या रस्सा पोटात गेल्यावर त्याला जरा माणसात आल्यासारखं वाटलं.

आधी भेटला नेइंदू, वुंपिनीच्या म्हाताऱ्या आईचा दीर, काटारीचा बाप. चार रात्री झोपला नसावा.

"पुरावा हवाय तुम्हाला? गेल्या महिन्यात माझ्या पोरानं तिच्या दावादावाच्या झाडाची फांदी तोडली. ती त्याला काय म्हणाली, ठाऊक आहे? 'डोळे फुटले होते का तुझे?' बघा आता त्याचे डोळे."

"असं तर प्रत्येक आई बोलते," सुहुयिनी म्हणाली.

"प्रत्येक आईचं बोलणं खरं होत नाही. आणि बाई, निर्दोष माणूस ओरडतो. ही गप्प आहे. बोट दाखवलं त्या दिवसापासून एक शब्द नाही."

शेनीला ते पटलं. चोर ओरडतात आणि साव गप्प बसतात, हे त्यानं चौकीत पाहिलं होतं. पण त्या वेळी आठवलं नाही.

मेमुना चुलीपाशी होती. ती वर न बघता बोलत होती.

"रस्सा तर सगळ्यांनीच खाल्ला ना?" सुहुयिनीनं विचारलं.

"सगळ्यांनी कुठं? ढोलवाला वाजवत राहिला, झालिया बाळाला घेऊन बसली, काटारी सासूबाईंवर रुसून बाहेर. तिघं उरले आणि रस्सा संपला. मग त्यांना चवळीच्या पिठाची वाफवलेली तुबानी दिली. सासूबाईंनीच वाढली."

"तुबानीवर काय?"

"काय असणार? शिया तेल, तिखट, मीठ आणि कच्चा दावादावा."

"रश्शातला दावादावा वेगळा होता?"

"एकाच वाडग्यातला. अर्धा मी रश्शात घातला, अर्धा तसाच ठेवला. छान मऊ होता, वर बोटभर तेल. चुलीपाशी ठेवलेला दिसला. म्हटलं सासूबाईंनी बारशासाठी ताजा केला असेल. बोटाएवढा उरला होता, तो आज या रश्शात लावला. टाकवत नाही हो, सासूबाईंच्या हातचं."

शेनीचा हात आपोआप पोटावर गेला. मग पापण्यांवर.

सुहुयिनीनं धुरकटलेल्या आढ्याकडे पाहिलं. तिथं टोपलीत म्हातारीच्या दावादावाचे गोळे टांगलेले होते. तिनं एक काढून चुलीच्या दगडावर आपटला. तो दगडासारखाच वाजला. काळा, वाळलेला, वर राख. तेलाचा मागमूस नाही.

"जरा मीठ दे, मेमुना. गोळ्याची चव बघते."

"रोजा आहे ना?"

"मग भावोजी बघतील."

भावोजींनी मान जोरात हलवली. मेमुनानं फळीवरून एक काचेची बरणी काढली. झाकण दाबताच ते टक् करून आत गेलं आणि हात काढल्यावर टक् करून वर आलं.

"बसतच नाही मेलं. मधून फुगलंय."

"कॉफीची बरणी दिसते."

"आमच्याकडे कॉफी कोण पितं? सासूबाईंनी दिली. ढोलवाला गेला त्या सकाळी उकळतं पाणी आणि राख घेऊन हीच घासत बसल्या होत्या. घरात मौत आणि यांना बरण्या सुचतात."

सुहुयिनीनं झाकण नाकाशी नेलं, आतली रबराची कड नखानं उचलून पाहिली आणि ते झाकण रुमालात बांधून कनवटीला लावलं. मग ती अंगणाच्या टोकाला जाऊन बराच वेळ फोनवर बोलत राहिली. शेनीला तुटक तुटक ऐकू आलं: "हो, आधी पापण्या... नाही, शुद्ध जात नाही... आजच मागवा, डॉक्टर."

"वहिनी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मला तुम्ही दोन दिसता."

"डोळे चोळू नका म्हणजे एकच दिसेन. चला."

वुंपिनीची आई, मा कुबुरा, आपल्या खोपीत भिंतीला टेकून बसली होती. बोटं बिया सोलून सोलून काळी पडलेली. दारात पहाऱ्याला दोन माणसं होती, ती तिच्याकडे पाठ करून उभी होती, नजर लागू नये म्हणून.

"मा, तो दावादावा कोणाच्या हातचा?"

"माझ्याच हातचा." चार दिवसांतला तिचा पहिला शब्द.

"आणि त्यावर तेल कोणी ओतलं?"

म्हातारीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तशीच म्हणाली, "कोंबडी पालथी पडेल. पडू दे. माझ्या वुंपिनीला सांगा, तू आज रात्रीच्याच गाडीनं कुमासीला जा. नोकरीचा खाडा करू नको."

शेनीला तिची दया आली. पण दया येऊनही तो दाराच्या बाहेरच उभा राहिला, हे तो पुढे कोणाला सांगत नसे.

नमाज आटोपला. प्रमुखाच्या अंगणात सारं गाव बसलं होतं. मधोमध पांढरी कोंबडी पाय बांधून ठेवलेली. बाजूला सुरी. म्हातारीला आणलं तेव्हा बायांनी पोरांचे डोळे झाकले.

"प्रमुख," सुहुयिनी म्हणाली, "कोंबडीच्या आधी मला बोलू द्या. कोंबडी कुठं पळून जात नाही."

वृद्ध प्रमुखानं मान डोलावली.

"सत्तर माणसांनी एका वाडग्यातला दावादावा खाल्ला. सदुसष्ट धडधाकट आहेत. तीन नाहीत. फरक वाढणाऱ्या हातात नाही, कारण रस्साही याच हातांनी वाढला. फरक चुलीत आहे. सदुसष्टांचा शिजला. तिघांचा कच्चा होता."

"कच्चा आम्ही आयुष्यभर खातो," नेइंदू म्हणाला. "आजवर कोणी मेलं नाही."

"बरोबर. म्हणून मी टोपली पाहिली. मा कुबुराचे गोळे वाळलेले, राखेतले. तो वाडग्यातला मात्र मऊ आणि तेलाखालचा. हात एकच, पण तो दावादावा टोपलीत राहिला नव्हता. मग कुठं होता?" तिनं रुमाल सोडला आणि झाकण अंगठ्यानं दाबलं. टक्. "बरणीत. झाकणाला आतून अजून वास आहे. दावादावा करतं कोण? बाया करतात असं आपण म्हणतो. खरं म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जंतू करतात. ते पानांवर असतात, टोपलीत असतात, आणि त्यांना वारा लागतो. म्हणून आपल्या आज्यांनी बरणी नाही, टोपली वापरली. पण मातीत दुसरा एक जंतू असतो. त्याला वारा सोसत नाही. वारा आहे तोवर तो निजलेला. त्याच बियांवर तोही आला होता. कोणीतरी ओला दावादावा बरणीत दाबला, वर तेल ओतलं, झाकण आवळलं आणि कित्येक दिवस उघडलंच नाही. तिथं तो जागा झाला. त्याच्या वाफेनं झाकण फुगलं. त्याचं विष आधी पापण्या मिटवतं, मग जीभ, मग छाती. ताप नाही, शुद्ध जात नाही. साप नाही आणि चेटकीणही नाही."

"नासलेलं कळलं नसतं का वासावरून?" प्रमुखानं विचारलं.

"दावादावाला? त्याच्या वासात दुसरा वास कोण शोधणार?"

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

शेनीला राहवलं नाही. "वहिनी, आज दुपारच्या रश्शात तोच..."

"तासभर उकळत होता, भावोजी. ते विष उकळीला टिकत नाही. म्हणून तर सदुसष्ट माणसं इथं बसली आहेत."

"मग मघाशीच का नाही सांगितलं?"

"घाबरल्यावर तुम्ही तिसरी वाटी मागितली नाहीत."

"बरणी कोणाची?" नेइंदूनं उठून विचारलं.

सुहुयिनीनं झाकण पुन्हा रुमालावर ठेवलं. "ते मला ठाऊक आहे. एका माणसानं ती ढोलवाला गेला त्या सकाळीच ओळखली, घासून धुतली आणि गप्प बसलं. ज्याची बरणी त्याला अजून कळलेलंही नव्हतं. मी नाव घेणार नाही."

"बरणी माझी," मा कुबुरा म्हणाली. स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दावादावा माझा, बरणी माझी. कापा कोंबडी."

वुंपिनी इतका वेळ त्या झाकणाकडेच बघत होती. ती उठली.

"आई, तू कॉफी पीत नाहीस."

"बस खाली. गाडी चुकेल तुझी."

"बरणी माझी आहे. मागच्या महिन्यात आईनं ओला दावादावा दिला. बसमध्ये वास येईल म्हणून मी कॉफीच्या बरणीत घातला, वर तेल ओतलं. खोलीतही उघडला नाही. आईला फोनवर सांगितलं, सगळा खाल्ला, छान होता." तिनं आईकडे पाहिलं. "टाकवेना. म्हणून बारशाला परत आणला आणि गुपचूप वाडग्यात ओतून चुलीपाशी ठेवला. वाटलं, घरच्यांच्या पोटात गेला म्हणजे वाया जाणार नाही. मी स्वतः बोटही लावलं नाही. मला लाज वाटत होती त्याची."

म्हातारीनं तिच्या दंडाला धरून खाली ओढलं आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "मूर्ख. मी म्हातारी गेले असते वस्तीत. माझं काय राहिलंय? तुला कोणी सांगितलं बोलायला?" आणि मग तिला पोटाशी धरून ती चार दिवसांचं रडली.

"माझा पोरगा?" नेइंदूनं विचारलं. त्याला दुसरं काही ऐकू आलं नव्हतं.

"उतारा आहे. अक्रातून आज विमानानं येतोय. तोवर डॉक्टर नळीनं श्वास देताहेत. गेलेलं मात्र परत यायचं नाही."

प्रमुखानं हातानंच खूण केली. कोंबडीचे पाय सोडले, तशी ती माणसांच्या गर्दीतून दाणे टिपत निघून गेली.

वुंपिनी त्या संध्याकाळी म्बांग्बाच्या आईच्या दारात जाऊन बसली. त्या बाईनं तिला आत घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही घेतलं नाही. चौथ्या दिवशी तिनं पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला, बोलली मात्र नाही. अकराव्या दिवशी झालियानं एक पापणी उचलली आणि बाळ कुठे आहे ते खुणेनं विचारलं. काटारीला आणखी महिना लागला.

कुमासीच्या बसपर्यंत वुंपिनीला सोडायला शेनी गेला. तिच्या मांडीवर टोपली होती, उघडी, वर नुसती पानं. बस सुटायच्या आतच शेजारच्या बाईनं खिडकी उघडली आणि नाकाला पदर लावला.

"काय गं बाई हा वास. कोणाचा आहे?"

"माझ्या आईच्या हातचा," वुंपिनी म्हणाली, आणि तिनं टोपलीवरचं एक पान आणखी बाजूला केलं.