दिगूशेठची सोनपाल

दिगूशेठ तारळेकरचा मेंदू पातळ काचांवर कापून ठेवला होता आणि मेंदूतज्ज्ञ डॉ. हेरंब रेगे सूक्ष्मदर्शकावरून मान वर करायला तयार नव्हता.

"उर्मिला, इकडे ये जरा. हे तुझं खातं."

परजीवीतज्ज्ञ डॉ. उर्मिला सोवनी वाकून पाहू लागली. भीतिकेंद्रात, बदामाएवढ्या त्या गाठीत, केसाहून बारीक कृमी वेटोळी घालून बसले होते. बाकीचा मेंदू अगदी स्वच्छ.

"अगं बाई! दिगूशेठ म्हणजे तो पालवाला? आमची पाल त्याच्याकडचीच. मेला कसा?"

"दुकानात नाग शिरला. लोक पळाले. यानं त्याला तोंडाशी धरून उचललं. हसत हसत, असं शेजारचा दुकानदार म्हणतो."

पुण्यात परदेशी प्राण्यांच्या बाजाराला परवानगी मिळाली तेव्हा दिगूशेठसारखा थापाड्या शोधून सापडला नसता. आजारी पोपट 'जरा लाजाळू आहे' म्हणून गळ्यात मारायचा, कासवांना रंग फासायचा. मग त्यानं कुठल्याशा दूरच्या बेटावरून सोनपाली मागवल्या आणि माणूस पालटला. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की हा आधी मालाचे दोष सांगायचा. वाल्याचा वाल्मीकी झाला, म्हणून लोक हसायचे. पण खरं बोलणारा दुकानदार म्हणजे उंबराचं फूल! सोनपाली हातोहात खपल्या.

उर्मिलापासूनही त्यानं काही लपवलं नव्हतं. "मॅडम, हिच्यात जंत आहेत. औषधानं पोटातले जातील, बाकीचे नाही जायचे. मलापण झालेत. पण खरं सांगू? तेव्हापासून जिवाला इतकं हलकं वाटतंय!" ती खळखळून हसली होती. एवढं तोंडावर सांगणारा माणूस फसवेल कशाला? तिनं घरी आणून पालीची विष्ठा तपासली, औषध पाजलं, पुन्हा तपासली. सगळं स्वच्छ. रेवानं, म्हणजे तिच्या लेकीनं, पालीचं नाव चकली ठेवलं.

"सोनपालींच्या बेटावरचे अहवाल रात्रभर वाचत होतो. हा कृमी वाढतो पालीत, पण अंडी घालतो सापाच्या पोटात," हेरंब सांगू लागला. "म्हणजे सापानं पाल खायला हवी. पण पाल पळते ना! मग हा तिची भीतीच खाऊन टाकतो. साप समोर आला तरी बया जागची हलत नाही."

"आणि माणसात शिरला तर?"

"त्याला काय माणूस आणि काय पाल! त्याला ती गाठ तेवढी ठाऊक. आता मला सांग, दुकानदार खोटं का बोलतो? गिऱ्हाईक जाईल, नाव जाईल, म्हणून. भीती गेली की खोट्याची गरजच संपली. दिगूशेठ सुधारला नव्हता गं, आजारी होता."

"पसरतो कसा?"

"लाळेतून. या पाली दिसेल ते चाटतात. तुम्ही हात धुता ना?"

"पेटी साफ केली की साबणानं. रेवालाही सक्त ताकीद आहे."

हे बोलता बोलता ती थांबली. चकली चुकचुकली की सासूबाईंच्या वळणानं सगळं घर तिच्या पेटीच्या लाकडी कडेवर बोटं टेकवायचं, 'कृष्ण कृष्ण' म्हणायचं आणि तीच बोटं ओठांना लावायचं. आधी बोललेलं खरं ठरतं म्हणे. हात धुवायचे ते पालीला हात लावल्यावर. हा तर नमस्कार. त्यानंतर हात कोण धुतो?

आणि रेवा! परवाच तिनं बाईंपुढे उभं राहून, कुणी विचारलं नसताना, "गणितात मी कॉपी केली" असं सांगितलं होतं. पोरगी खऱ्याला धरून आहे, म्हणून उर्मिलानं कौतुकानं शिरा केला होता.

"हेरंब, रेवाला झालंय."

प्रयोगशाळेत प्रत्येकाच्या मनगटाला नाडीपट्टी असे. छाती धडधडली की ती लाल होई. हेरंबची सकाळपासून लालच होती. उर्मिलाची हिरवी. धीराची बाई, असं तिला सगळे म्हणत.

हेरंबनं घाईघाईनं इंजेक्शनच्या दोन कुप्या काढल्या. "लवकर टोचलं तर उतरतं. पण याचा रोगी आपणहून येत नाही. भीती वाटल्याशिवाय डॉक्टरकडे कोण जातं? पळ आता! आणि तुला गं? तुला काही होत नाही ना?"

"छे! मी अगदी मजेत आहे," उर्मिला म्हणाली. ते खरंच होतं.

वाटेत मेथी ताजी दिसली, म्हणून तिनं गाडी थांबवली आणि दोन जुड्या निवडून घेतल्या.

अकराव्या मजल्यावरच्या घरात कुणी नव्हतं. ती गच्चीत गेली. रेवा कठड्यावर बसली होती, पाय बाहेर सोडून. खांद्यावर चकली.

"आई, इथून खालचं सगळं किती छान दिसतं!"

इतक्यात फोन वाजला. हेरंब धापा टाकत होता. "उर्मिला, तुझी पट्टी! रेवाला झालंय म्हणालीस तेव्हासुद्धा हिरवी होती! माझ्या आत्ता डोक्यात आलं. मी निघालोय. पोरगी कुठंय?"

"गच्चीच्या कठड्यावर. पाय बाहेर सोडून बसलीये."

"अगं, मग धर तिला! खाली उतरव! तुला भीती नाही वाटत?"

पर्समध्ये किल्ली चाचपावी तसं उर्मिलानं मनात चाचपून पाहिलं. तिथं काहीतरी असायला हवं होतं, एवढं तिला आठवत होतं.

"नाही रे," ती म्हणाली.

चकली चुकचुकली.

मायलेकींनी एकदमच कठड्यावर बोटं टेकवली. "कृष्ण कृष्ण." बोटं ओठांना लावली.

"आई, ये ना वर. जागा आहे."

उर्मिलानं कुप्यांची पिशवी मेथीशेजारी नीट ठेवली, चपला काढल्या आणि ती वर चढली. खाली ठेवलेल्या फोनमधून हेरंब अजून ओरडत होता. तो का ओरडतोय, हे तिला अगदी व्यवस्थित समजत होतं.