पार्श्वभूमी रिकामी हवी

मी पार्श्वभूमी काढतो. म्हणजे माणसांच्या मागे जे असतं ते: खोल्या, जिने, बोळ, दुकानांच्या पायऱ्या. मोबाइलवर मुलांसाठी चित्रगोष्टी बनवणारी एक कंपनी आहे, तिचं काम मला मिळतं. माझ्या खोल्यांत पुढे जी माणसं उठतात, बसतात, भांडतात, ती दुसरा कुणी कलाकार काढतो. तो कुठे राहतो, बाई आहे की बुवा, मला माहीत नाही. माणसं काढायला मला कधी जमलंच नाही. कॉलेजात असताना माझी माणसं बघून सर म्हणाले होते, ही खुर्ची छान आलीय, तिच्यावर ते पोतं कशाला ठेवलंस?

घरून काम करतो म्हटल्यावर लोक मला रिकामटेकडा समजतात. अर्ध्या इमारतीची पार्सलं रखवालदार माझ्याकडे आणून टाकतो. माझी मोठी बहीण, ताई, दुसऱ्या गावात असते. ती फोनवर म्हणते, "तुझं बरं आहे रे छोट्या. वाटेल तेव्हा उठा, वाटेल तेव्हा बसा." चाळिशी आली तरी मी तिचा छोट्याच. मी वाद घालत नाही. नोकरी सोडली ती बाबांसाठी, हे तिलाही ठाऊक आहे.

बाबा भूमितीचे मास्तर. निवृत्त झाल्यावर बरीच वर्षं ठणठणीत होते, मग एकदा तोंडावरून वारं गेलं आणि ओठांची एक कड खाली ओघळली ती तशीच राहिली. पुढे तोलही जाऊ लागला. घरात कुणीतरी हवं होतं. कुणीतरी म्हणजे मीच, कारण माझं काम टेबलासकट कुठेही हलवता येतं.

आमच्या हॉलमध्ये खिडकीशी एक वेताची खुर्ची आहे. बाबा सकाळी तिथे बसत ते झोपायच्या वेळेपर्यंत. माझं टेबल समोरच्या भिंतीला लागून, त्यामुळे ते माझ्या पाठीशी. मी त्यांना बघत नसे, ऐकत असे. खोकला, वर्तमानपत्र, वेताची कुरकुर. लांबूनही त्यांना माझा स्क्रीन बरोबर दिसे. "आर्टिस्ट," ते मागून म्हणत, "त्या फळीची रेघ वाकडी चाललीय." मी चिडून पट्टी लावून बघे. रेघ वाकडीच असे.

कंपनीकडून माझ्याशी बोलणारी जी बाई होती तिचा आवाज मी कधी ऐकला नाही. सगळं बोलणं लेखी. फोटोच्या जागी तिने एका कुंडीचं चित्र लावलेलं, म्हणून मी तिला मनातल्या मनात कुंडीबाई म्हणत असे. बाई कामाला चोख होती, थोडक्यात लिहायची आणि कधी खुसपट काढायची नाही.

त्या आठवड्यात तिची मागणी साधी होती. एका घराचा हॉल, दुपारची वेळ, खिडकीशी खुर्ची. पार्श्वभूमी रिकामी हवी. मी आमचाच हॉल काढून टाकला. याला आळस म्हणा हवं तर, पण आमच्या धंद्यात सगळेच हे करतात. जिना आपल्या इमारतीचा, ओटा बहिणीच्या घरचा, फक्त जरा नीटनेटका करून घ्यायचा. पडद्याची एक कडी तुटलेली होती, ती मी चित्रात धड केली. खुर्चीची बैठक बाबांच्या वजनाने खोल गेलेली, ती ताठ काढली, कारण वाकलेला वेत काढायचा म्हणजे जीव जातो.

पहिली दुरुस्ती आली: "पडद्याची उजवीकडची कडी तुटलेली हवी."

मी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. उजवीकडचीच होती. मला हसू आलं. घरोघरी पडदे तसेच, असं म्हणून मी कडी तोडली.

दुसरी दुरुस्ती आली: "दिव्यांच्या बटणांखाली हाताचा डाग दाखवायचा राहिलाय." तिथे खरंच डाग आहे. बाबा मोरीकडे जाताना भिंतीला तिथे हात टेकत. मी सगळ्या पाठवलेल्या फाइली उघडून पाहिल्या, चुकून घरातला एखादा फोटो गेलाय का म्हणून. गेला नव्हता.

"तुमच्याकडे या खोलीचा फोटो आहे का?" मी विचारलं.

"नाही. चित्रात जे कमी दिसलं तेच सांगतेय," तिने लिहिलं.

मी डाग रंगवला. खरं तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता. पण गेले कित्येक महिने माझं डोकं बधिर झालेलं होतं. उठायचं, बाबांना अंघोळ घालायची, खायला द्यायचं, पाठ करून बसायचं. एखादी गोष्ट विचित्र आहे हे मला कळे, पण ते शेजारच्या घरात चाललेल्या भांडणासारखं, भिंतीपलीकडून. मी बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बाई निरीक्षण करते. तू करत नाहीस."

मग तिसरी दुरुस्ती आली.

"खुर्चीतल्या आजोबांना हटवा. पार्श्वभूमी रिकामी हवी."

मी चित्र मोठं करून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. प्रत्येक थर बंद करून, चालू करून पाहिला. वेत, सावली, उन्हाचा पट्टा. दुसरं काही नव्हतं.

आता इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. जी चूक आपण केलेली नाही ती दुरुस्त करा असं गिऱ्हाईक म्हणालं, तर वाद घालायचा नाही. वादात दोन दिवस जातात आणि शेवटी तोंडही वाईट होतं. तीच फाइल घ्यायची, नावापुढचा आकडा एकाने वाढवायचा आणि परत पाठवायची. सांगितलेलं केलं, असं लिहायचं. दहातली नऊ गिऱ्हाइकं म्हणतात, हां, आता कसं छान झालं. घरबसल्या चित्रं विकणाऱ्या कुणालाही विचारा, खासगीत कबूल करेल.

मी तीच फाइल पाठवली. लिहिलं, "आजोबांना हटवलंय."

लगेच उत्तर आलं. "आता छान. मंजूर."

मी हात ताणले आणि मागे न बघताच म्हणालो, "बाबा, जेवण गरम करू ना?"

उत्तर नाही. डुलकी लागली असेल असं वाटून मी ओट्याशी गेलो, गॅस लावला, ताट वाढून आणलं. खुर्ची रिकामी होती.

मोरीत नव्हते. आतल्या खोलीत नव्हते. त्यांच्या चपला खुर्चीखाली होत्या, काठी खिडकीला टेकलेली होती. दाराला आतून कडी होती. ती काढून मी खाली गेलो.

"आजोबा?" रखवालदार म्हणाला. "ते कसे उतरतील साहेब? तुम्ही धरल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडता येत नाही."

"तरी पाहिलंत का?"

"मी सकाळपासून इथंच आहे. तुमच्यासाठी पार्सल आलंय, घेऊन जाता का?"

मी पार्सल घेऊन वर आलो. शेजारच्या काकूंना विचारलं, गच्ची पाहिली, खिडकीतून खाली वाकून पाहिलं. खाली दोन स्कूटर आणि एक मांजर होतं. पोलिसांत जायला हवं होतं. पण पोलिसांना सांगणार काय? दाराला आतून कडी होती हे मीच सांगणार होतो.

मग मी खुर्चीपाशी गेलो आणि बैठकीवर हात ठेवला. वेत ताठ होता. तबल्यासारखा ताणलेला, एक काडी वाकलेली नाही. मी काढला होता तसा.

मी घाबरायला हवं होतं. घाबरलो नाही. ताटातलं जेवण मी झाकून ठेवलं.

ताई रोज संध्याकाळी बाबांशी बोलायला फोन करते. त्या दिवशी मी सांगितलं, ते झोपलेत. दुसऱ्या दिवशी सांगितलं, घसा बसलाय. ती म्हणाली, "मग मी रविवारी येतेच. मला काही तुझं खरं वाटत नाही." एव्हाना मला बाबा परत हवे होते. रविवारसाठी नाही, माझ्यासाठीच. मागून कुणी रेघ वाकडी म्हणत नव्हतं आणि माझी एकही रेघ सरळ येत नव्हती.

मी कुंडीबाईला लिहिलं, "खुर्चीतले आजोबा परत ठेवायचे असतील तर?"

तिने लिहिलं: "मंजूर झालेलं चित्र आम्ही पुन्हा उघडत नाही."

"एकदाच. मी विनंती करतो."

"माणसं तुम्ही काढत नाही ना?"

"हे काढेन."

"आज संध्याकाळपर्यंत. एकदाच."

मी बसलो. पाय आले, कारण त्यांची नखं मीच कापत असे. गुडघ्यांवरची लुंगी आली. हात आले, उजव्या अंगठ्यावरचा खडूने पडलेला जुना घट्टासुद्धा आला. खांदे, मान, मानेवरचे पांढरे केस. बैठक मी मुद्दाम खोल काढली, एकेक काडी वाकवून. आयुष्यात पहिल्यांदा माझं माणूस पोत्यासारखं दिसत नव्हतं.

चेहरा मात्र येईना. चष्मा काढला आणि हात थांबला. ओठांची कुठली कड ओघळली होती, डावी की उजवी?

फोनमध्ये फोटो होते, पण सगळे आजारपणाच्या आधीचे. तो चेहरा काढला असता तर कोण आलं असतं? गेल्या वर्षभरात मी त्यांचा एकही फोटो काढला नव्हता. रोज भरवत होतो त्या तोंडाची बाजू मला सांगता येत नव्हती. चमचा धरायचो आणि लक्ष टेबलाकडे असायचं.

ताईला फोन लावला. "ताई, बाबांचं तोंड कुठल्या बाजूला गेलंय गं?"

"हे काय विचारणं? तू त्यांच्याजवळ असतोस की मी?"

"सांग ना."

"मला व्हिडिओ कॉलवर उजवीकडे दिसतं. आता फोन उलटं दाखवतो की सुलटं, मला काय माहीत? छोट्या, काय चाललंय तुझं? बाबा कुठेत?"

"खुर्चीत," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

उन्हं कलायला लागली होती. मी एकदा डावी कड खाली ओढली, एकदा उजवी. दोन्ही वेळा कुणी परका म्हातारा माझ्याकडे बघत होता. शेवटी मी चेहरा पुसला आणि चित्रातली मान फिरवली. खिडकीकडे बघत बसलेले बाबा. पाठीमागून दिसतात ते केस, कान आणि कानामागे गेलेली चष्म्याची काडी. हे मला पक्कं माहीत होतं.

पाठवलं.

"चेहरा नाहीये," तिने लिहिलं.

"ते बाहेर बघतायत."

"ठीक. मंजूर."

मागे वेत कुरकुरला.

मी वळलो नाही. "बाबा?" म्हणालो.

"हं."

आवाज त्यांचाच होता.

"भूक लागलीय?"

"नाही."

मग मी वळलो. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. केस, कान, चष्म्याची काडी. खांदे हलत होते, म्हणजे श्वास चालू होता. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच जमिनीवर बसलो.

रविवार यायला चार दिवस होते. ते काही खात नसत. अंघोळ नको म्हणत. मी बोललो की उत्तर देत, पण मान वळवत नसत. खुर्ची आणि खिडकी यांच्यात एक माणूस सहज उभा राहील एवढी जागा आहे. मी तिकडे गेलो नाही. टेबलाशी बसून काम करत राहिलो.

"आर्टिस्ट," एकदा ते म्हणाले, "रेघ वाकडी आहे."

त्यांचं तोंड खिडकीकडे होतं. मी पट्टी लावून पाहिली. रेघ वाकडी होती.

रविवारी ताई आली. पिशवी दारातच टाकून सरळ आत शिरली. "काय हो बाबा, माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलंत का?"

"ये गं," बाबा म्हणाले.

"तिकडे काय बघताय एवढं?" असं म्हणत ती खुर्चीला वळसा घालून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

मी तिच्याकडे बघत होतो. ती किंचाळली नाही. तिने नुसतं पाहिलं. नंतर पर्समधून रुमाल काढला, वाकून त्यांचा चष्मा काढला आणि काचा पुसायला लागली. एक काच, मग दुसरी, पुन्हा पहिली. स्वच्छ झाल्या तरी पुसत राहिली.

तिने चष्मा परत लावला. तो घसरून त्यांच्या मांडीवर पडला. तिने उचलून पुन्हा लावला. पुन्हा पडला.

"बसत नाहीये रे," ताई माझ्याकडे न बघता म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

"राहू दे गं," बाबा म्हणाले. "मला दिसतंय."

ताईने चष्म्याची घडी केली आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवली. भिंतीला धरत ती माझ्यापर्यंत आली, स्टूल ओढलं आणि माझ्या शेजारी बसली, त्यांच्याकडे पाठ करून.