दोन गाण्यांमधली शांतता

दानेश्वरीबाईंची सकाळची लिंगपूजा आटोपेपर्यंत नंदीश उंबऱ्यातच बसून होता, मांडीवर लॅपटॉप घेऊन.

"अव्वा, ऐक की जरा. उद्या पुण्यात निघतोय अल्बम. किटणच्या पहिल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग, अक्कलकोट रोडच्या शेडमधलं."

किटण म्हणजे त्याचा बँड. ग्रंज म्हणतात तसला प्रकार. त्यात गाणं कुठं संपतं नि आदळआपट कुठं सुरू होते, हे बाईंना कधी उमगलं नाही. कार्यक्रम मात्र आठवत होता. चादरींचा बंद पडलेला कारखाना, आणि मालकांनी, नंदीशच्या वडिलांनी, आपल्या टेंपोतून पोचवलेले पोरांचे ड्रम. त्या दिवशी बाईंचा सोमवार होता, त्या घरीच होत्या.

नंदीशनं लावलं. सुरुवातीलाच मालकांचा आवाज आला. "सिद्धाराम, वायर उचल की रं, पाय अडकतोय." मग खोकला. करोनात गेलेला माणूस शेजारी बसून बोलावा तसा. बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

पहिलं गाणं संपलं. शिट्ट्या विरल्या. पत्रा तेवढा तडतडत राहिला. आणि त्या शांततेत एक बाई पुटपुटू लागली.

"लिंगैक्य मल्लिनाथ. लिंगैक्य शिवम्मा. लिंगैक्य गुरप्पा."

सासरे, सासू, मालक. आवाज दानेश्वरीबाईंचाच होता. पूजेच्या शेवटी घरातल्यांची नावं थोरापासून धाकट्यापर्यंत घ्यायची, गेलेल्यांच्या आधी लिंगैक्य म्हणायचं, हा त्यांचा रोजचा नेम.

"नंद्या, चोरून टेप केलंस मला?"

"तुझे ओठ तेवढे हलतात अव्वा, आवाज कुठं येतो?"

त्या त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिल्या. लहानपणी खोटं बोलला की कान लाल व्हायचे. कान लाल नव्हते.

"मग तुमच्या बँडातल्या सिद्धारामनं केलं. मशिनवर त्याचा हात लई चालतो."

नंदीशनं फोन लावला. "काकू, ट्रंकेत पडलेलं रेकॉर्डिंग हाय ते," सिद्धाराम म्हणाला. "जसंच्या तसं घेतलंय. आणि त्या गर्दीत बाईमाणूस एक नव्हतं की."

दोघं मिळून लपवताहेत, असं अजूनही वाटत होतं. तसं वाटलेलंच बरं होतं. कारण मालक हयात असेतोवर त्यांचं नाव बाईंनी कधी तोंडातून काढलं नव्हतं. आणि शेडमधली ही बाई, मालक वायरीपाशी खोकत उभे असताना, त्यांना लिंगैक्य म्हणत होती.

"पुढं लाव."

"लिंगैक्य..." आवाज म्हणाला, आणि नंदीशची गिटार कडाडली. नाव तिच्यात बुडालं. परत लावलं. आवाज वाढवून लावलं. तिथंच गिटार.

मालकांनंतर त्या घरात धाकटं एकच नाव होतं.

"पुण्याला जाऊ नकोस."

"अव्वा, माझाच अल्बम आणि मीच नाही? लोक हसतील."

"हसू दे."

दुपारी त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सरकवलं. नंदीशनं ते परत त्यांच्यापुढं ओढलं. "बरं. नाही जात. जेव आता."

तिन्हीसांजेला बाई पूजेला बसल्या. दाराला कडी होती. पोरगं शेजारच्या खोलीत होतं, त्याची चाहूल लागत होती. आज नावं घ्यायचीच नाहीत, असं त्यांनी ठरवलं होतं.

विभूती लावली. डोळे मिटले.

ओठ आपोआप हलले. सासरे. सासू. मालक.

त्यांनी तोंडावर हात दाबून धरला. हाताआडून स्वतःचाच आवाज ऐकू आला, खणखणीत.

"लिंगैक्य..."

शेजारच्या खोलीत गिटारची तार वाजली.

बाई पुढच्या सुराची वाट बघत बसल्या.