डागाखालचा शब्द

"माझी आई जिवंत आहे का, एवढं तरी सांगा," लेवा म्हणाली.

शहराच्या तोआ पायोह भागातल्या त्या छोट्या ऑफिसात सुबोधकाकांनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते खाजगी तपासनीस अनघा चिटणीसच्या मदतीला येत. पण असा प्रश्न त्यांच्या कानावर प्रथमच पडत होता.

लेवा नर्स होती. तिच्या देशाचं नाव इथे घ्यायचं नाही. तिची माणसं अजून तिथं आहेत. तिचा भाऊ सरहद्दीपलीकडे तळ ठोकून लढणाऱ्या सशस्त्र संघटनेत होता. अशांच्या नातलगांना तिथलं सरकार सोडत नसे. पासपोर्ट अडकवायचे, नोकऱ्या घालवायचे, घरातून उचलून न्यायचे.

"दहा दिवसांपूर्वी, शुक्रवारी," ती सांगू लागली, "भावाचं पत्र एका माणसानं मला आणून दिलं. त्यानंतरच्या मंगळवारी आईला पकडलं. दोन दिवसांनी सोडलं, शनिवारी पुन्हा नेलं. कुठे ठेवलंय, कुणी सांगत नाही."

"पहिल्यांदा काय विचारलं तिला?" अनघानं विचारलं.

"अधिकारी म्हणाला, 'तुझ्या पोराचा सुरुंगात पाय गेला. आता तरी त्याचा पत्ता दे.' सुटल्यावर तिनं बहिणीला सांगितलं, बहिणीनं मला."

"तुम्ही हे कुणाला सांगितलंत?"

"फक्त तुम्हांला."

लेवानं पत्र उलगडलं. शेवटच्या ओळीवरून बोट फिरवत ती वाचू लागली, "'सुरुंग फुटला, पण माझा पाय गेला...'" ओळीच्या टोकाला तपकिरी डाग होता. शेवटचा शब्द तिनं न बघताच म्हटला, "'...नाही.'"

आजपर्यंत पत्र तिच्या खोलीबाहेर गेलं नव्हतं. खोलीत आलेली माणसं तीनच.

शेजारच्या बिशान भागात लेवा राहत होती त्या फ्लॅटमध्ये घरमालकीण शैलाताई आधी चिडल्या, मग रडकुंडीला आल्या. "मला ती लिपी वाचता येते का हो? शनिवारी सकाळी खोली झाडताना माझ्या हातून चॉकलेटी मायलोचा कप त्या कागदावर लवंडला, एवढाच काय तो गुन्हा! पंख्याखाली वाळवून ठेवला बिचारीचा कागद."

लेवाचा देशबंधू ताविन इंजिनीयर होता. "शुक्रवारी संध्याकाळी तिनंच मला पत्र वाचून दाखवलं. शनिवारी पहाटे मी कामासाठी हाँगकाँगला गेलो, बुधवारी परतलो." त्यानं विमानाचे बोर्डिंग पास आणि पासपोर्ट दाखवला. पासपोर्ट नवाकोरा होता.

"बाकीच्यांना वर्ष-वर्ष मिळत नाही म्हणे," सुबोधकाका म्हणाले.

"मी नशीबवान," तो म्हणाला आणि त्यानं नजर वळवली.

तिसरी ओमिनमावशी, लेवाच्याच देशातली आणि तिच्याच वॉर्डातली सिनिअर नर्स, शहराच्या पश्चिमेला बुकित बातोकला राहणारी. "रविवारी भात घेऊन गेले होते. पोर अंघोळीला गेली, मी खोलीत बसले. पत्रबित्र मला ठाऊक नाही." मग सुस्कारा टाकून म्हणाली, "तिच्या भावाला मी लहानपणापासून ओळखते. आता कुबड्यांवर कसला लढणार तो!"

परतताना सुबोधकाका ठामपणे म्हणाले, "ताविनच. पासपोर्ट फुकट मिळत नाही."

"काका, आज संध्याकाळी सगळ्यांना बोलवा."

सगळे जमले. अनघानं पत्र टेबलावर ठेवलं.

"भावाचा पाय शाबूत आहे. मग अधिकारी उलटं का म्हणाला? या भाषेत 'नाही' वाक्याच्या शेवटी येतं आणि ते 'नाही' डागाखाली गेलंय. म्हणजे बातमी देणाऱ्यानं पत्र डाग पडल्यावर वाचलं. ताविननं शुक्रवारी पूर्ण वाक्य ऐकलं होतं, आणि शनिवारी पहाटेच तो देशाबाहेर होता. पासपोर्ट कसा मिळवला ते त्याचं तो जाणे. शैलाताईंना लिपी येत नाही. त्यांनी कुणाला कागद दाखवला असेल, अशी शंका घेता आली असती. पण ओमिनबाई, तुम्ही पत्र पाहिलंच नव्हतंत, तर कुबड्या कुठून आल्या? आईला काय विचारलं, हे लेवानं आमच्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही."

ओमिन ओढणीचा बोळा तोंडाशी धरून रडली. "माझा मुलगा तीन वर्षं आत आहे. पत्रकं वाटताना सापडला. तिथल्या सरकारचा एक माणूस म्हणाला, लेवाच्या घरची बातमी आण, त्याला भेटवतो."

शैलाताई तावातावानं उठल्या, पण लेवानं त्यांचा हात धरला.

"भेटवलं?" तिनं विचारलं.

"नाही. अजून आण म्हणतो."

"आई कुठे आहे?"

"उत्तरेकडची जुनी साखर गिरणी. बरेच जण तिथंच आहेत. त्याच माणसानं बोलता बोलता सांगितलं. माझा मुलगाही..."

अनघानं फोन ओढला. कैद्यांचा शोध घेणारी एक परदेशी संस्था होती. जागा आणि नाव कळलं की तिथे चौकशी पाठवत असे. जगाला जागा कळली की कैद्याला गायब करणं अवघड जातं. सुबोधकाकांनी अर्ज पुढे घेतला, लेवाच्या आईचं नाव लिहिलं आणि पेनचं टोपण लावू लागले.

"थांबा काका," लेवा म्हणाली. ओमिनकडे न बघता तिनं विचारलं, "मावशी, तुमच्या मुलाचं पूर्ण नाव काय?"