फार धुतलेलं शेवाळ

मी आधीच वैतागलेली होते, त्यात प्रयोगशाळेच्या दारात त्याच्यावर आदळले. ट्रे वाचला, पण एका चंबूतलं खारं पाणी त्याच्या शर्टावर सांडलं.

“बघून यायचं ना जरा!”

“बघूनच आलो. म्हणून तर ट्रे धरला…” त्याने चंबू उजेडात धरला. “हे काय, शेवाळाचे गोळे?”

नेमकं वर्मावर बोट! समुद्रातलं हे हिरवं शेवाळ म्हणजे रुंद, झिरझिरीत पान. मी ते अँटिबायोटिकनं धुऊन अगदी स्वच्छ करून वाढवत होते, आणि ते पान धरायचं नावच घेत नव्हतं.

“अहो, याच्या अंगावरचे जीवाणूच घालवलेत तुम्ही. त्यांच्याशिवाय याला पान होणं जमत नाही.”

तो शेजारच्या खोलीत नव्याने आलेला जीवाणूवाला. मग रोज काहीतरी निमित्त काढून यायला लागला. एकदा एका चंबूत त्याने दोन जातींच्या जीवाणूंचे थेंब सोडले. एक पेशी वाढवणारा, दुसरा शेवाळाला तळ घट्ट धरायला लावणारा.

“दोघं लागतात. एकट्याने भागत नाही.”

“शेवाळाचं बोलताय ना?”

“सध्या तरी…”

झालं, माझं चित्त थाऱ्यावर राहिना. बसले की उठावंसं वाटे, उठले की पाय चंबूकडे वळत.

अशात एका सकाळी तो आला तो काही निमित्त न काढताच. दूरच्या एका संस्थेनं त्याला नोकरी देऊ केली होती आणि संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

“जाऊ?” त्याने विचारलं.

जाऊ नका, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, “पान तर येऊ द्या…” तो कसनुसा हसला आणि गेला.

हातांना काम हवं म्हणून मी सगळ्या चंबूंतलं पाणी बदललं, औषधाचे थेंब टाकले. त्याच्या चंबूतही थेंब पडला, आणि तेव्हा कुठे मला तळाशी नखाएवढं पान दिसलं. अँटिबायोटिक! सवयीनं हात चालला होता.

तशीच धावत त्याच्या खोलीत गेले. तो फोन हातात घेऊन उभा होता.

“तुमचे जीवाणू मारले मी. पान आलं होतं हो!”

“एवढंच ना? जाताना जीवाणूंची एक नळी भरून ठेवतो.”

“नळी नकोय मला!” माझा आवाज चिरकला. “आई म्हणते, पाहुणा उठायच्या आत मी त्याचा कप धुऊन ठेवते. कुणी जवळ आलं की मला हेच सुचतं… पान येवो न येवो, तू जाऊ नकोस. मला तू आवडतोस.”

मग त्याने नंबर लावला आणि दुसऱ्या हाताने माझा ओला हात धरला.

“सर, माझं येणं जमणार नाही… नाही, पगाराचं काही नाही…” त्याने माझ्याकडे पाहिलं. “घरचं कारण आहे, सर.”