खाटेखालची वजाबाकी

फरशीचा अंदाज काढण्यात सौंसरात माझा हात कोणी धरत नसे, आणि मलाही ते सांगायला आवडायचं. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात सुधाकरने फरशी बसवायला घरी बोलावलं. मधली खोली बारा बाय दहा, म्हणजे एकशेवीस चौरस फूट. दोन बाय दोनच्या तीस फरश्या.

भिंतीशी त्याचे वडील, बापूजी, खाटेवर पडून होते. लकव्याने दोन वर्षं उठले नव्हते, पण जीभ शाबूत होती.

"माही खाट हलवाची नाय."

"खाटेखालचं वजा करा, गुणवंता मिस्त्री," सुधाकर वैतागून म्हणाला. "कोन वाद घालते?"

खाटेची जागा सहा बाय चार. सहा फरश्या वाचल्या. मी चोवीस मागवल्या.

पहिल्या दिवशी दाराकडून बारा बसवल्या. बापूजी टक लावून बघत होते. "मिस्त्री, भिंत जवळ येऊन राहिली," ते म्हणाले. मी हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चोविसावी फरशी ठोकून बसवली आणि मान वर केली. फरशी चारही भिंतींना भिडली होती. कुठेच माती उघडी नव्हती.

खाटही नव्हती.

मी टेप लावला. बारा बाय आठ. पुन्हा लावला, तेच. बाहेरून मोजलं तर घर पहिल्याइतकंच. खाटेकडची भिंत जुनीच होती, धुराने पिवळी पडलेली. वजाबाकी मीच केली होती.

"बापूजी कुठं हायेत?"

सुधाकर नव्या फरशीवर खुशीत उभा होता. "कोनाचे बापूजी?" त्याने विचारलं.

त्याची आई केसरबाई दारात होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. तिने मला अंगणात नेलं.

"भाऊ, अजून सहा फरश्या बसवा."

"जागा कुठं हाये, काकू?"

"करा कशीबी. मानसाले खाटेवर मरू देत नाय न आपन. त्यायले भुईवर उतरवा लागन."

"म्हणजे ते जिते हायेत?"

ती आत गेली, त्या पिवळ्या भिंतीशी बसली. दुधात भाकरी कुस्करली आणि घास भिंतीपाशी नेला.

हात मागे घेतला तेव्हा बोटं रिकामी होती. भिंतीवर डागही नव्हता.